नऊ मिनिटं

"माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून एक नकाशा बाहेर जायचा नाही," हे स्तोयांका मावशींचे शब्द मिलेनाच्या कानात वर्षानुवर्षं होते.

मावशी गेल्या त्याला आज चाळीस दिवस झाले. गाब्रोवो शहरातल्या त्यांच्या बांधकाम-नकाशांच्या कचेरीच्या दारावर सकाळीच, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या फोटोचं नवं शोकपत्र लागलं, आणि तेव्हापासून सर्व्हरवरची प्रत्येक फाईल उघडायला नऊ मिनिटं घेऊ लागली. बारापर्यंत पुलाचा नकाशा पालिकेत पोचला नाही, तर काम हातचं जाणार होतं.

"तारा बदलल्या, डिस्क तपासली. आता पाया पडू का या सर्व्हरच्या?" शेजारच्या टेबलावरचा बोरिल कुरकुरला.

मिलेनाने उघड्या फायलींची यादी काढली. प्रत्येक फाईल आधी मावशींच्या नावाने उघडत होती. ते खातं तर मावशी गेल्यावर मिलेनानेच पुसलं होतं.

"तुम्ही घाईने बंद करता, की मावशींचं वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं," ती म्हणाली. "हात मागे घ्या सगळे."

बरोबर नऊ मिनिटांनी पूल पडद्यावर आला. बाराला पाच कमी असताना पोच मिळाली. बोरिलने टेबल बडवलं, "बाई, तू तर कमालच केलीस!"

हसत हसत मिलेनाने यादी पुन्हा पाहिली. आता तिथे एकच फाईल उघडी होती, कुणीच न मागितलेली. तीन वर्षांपूर्वीचा शाळेचा जिना.

तिचं हसू मावळलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ते माप माझं चुकलं होतं. बोलणी तुम्ही खाल्लीत, आणि मी गप्प बसले."