हिरवी बाही

सोजरनं गोधडीसाठी लाल चिंध्या आधी धुऊन, इस्त्री करून, मापानं कापून घेतल्या होत्या. कुंकवाचा लाल, विटकरी, डाळिंबी, सगळं ओळीनं. पलीकडच्या पडवीत तिची धाकटी जाऊ मात्र लाल ढिगात हात घालायची, येईल तो तुकडा ठेवायची आणि धावदोरा मारत सुटायची. सगळं वाकडंतिकडं. तरी आळीतल्या बाया जाऊन बसायच्या त्या धाकटीपाशीच.

"काय पेटलाय गं लाल!"

सोजरच्या पोटात दुखायचं.

धाकटी चहा टाकायला आत गेली, तशी सोजरनं आपल्या जुन्या चोळीची हिरवीगार बाही कातरली आणि तिच्या ढिगात खुपसली. येईल ते लावतेस काय? लाव आता!

धाकटीनं लावली. ऐन मधोमध.

दुसऱ्या दिवशी तमाशा बघायला सोजर सगळ्यांच्या आधी हजर.

"अगं बया!" शेवंताकाकूनं गालावर हात ठेवला. "डाळिंबावर राघू बसल्यागत दिसतंय की! कसं सुचलं गं तुला?"

"मला कुठलं सुचतंय काकू," धाकटी लाजली. "हाताला आलं, लावलं."

सोजर तडक घरी आली. चोळीची दुसरी बाही कातरली. आपल्या गोधडीचा बरोबर मधला तुकडा उसवून, माप घेऊन, तिथं हिरवा बसवला आणि मागं सरून पाहिलं.

नुसतं ठिगळ दिसत होतं.