जोडीचा आरसा

माझा वाढदिवस म्हणून आईला आमची लॅब दाखवायला नेलं. फ्यूजन रिअॅक्टरच्या धगीतही टिकतील असे आरसे आम्ही बनवतो, एवढंच तिला ऐकून ठाऊक होतं. कपाटातला एक छोटा आरसा बघून ती म्हणाली, "हा का असा टाकून दिलाय? नवाकोरा तर आहे."

"टाकला नाही गं. आरसे आम्ही जोडीनेच करतो. दोन्हींवर एकाच वेळी धातूचा लेप चढवायचा. मग एक रिअॅक्टरमध्ये जातो, एक इथे राहतो."

"आणि आत गेलेला?"

"तो काही परत हाती लागत नाही. त्याचं तिथे काय होत असेल, ते ह्याच्यावर करून बघायचं."

"म्हणजे ह्याचं स्वतःचं असं काही नाहीच."

"आई, आरसा आहे तो!" मी हसले.

ती हसली नाही. माझ्या नव्या ड्रेसची कॉलर सारखी करत म्हणाली, "तुम्हा जुळ्या बहिणींच्या वाढदिवसाला मी अजून दोन ड्रेस आणते. ती गेल्यापासून तिचाही तुलाच घालून बघते. तुला कधी राग आला नाही का गं?"