आत्याबाईंचं वजन

मला पहिल्याच भेटीत हो म्हणून मोकळे झालेल्या आमच्या ह्यांनी गाडीचे कॉइलओव्हर निवडायला मात्र अख्खं वर्ष घेतलं. ह्या म्हणे खास स्प्रिंगा असतात, प्रत्येक चाकापाशी गाडी हवी तेवढी खाली आणता येते. ह्यांनी आणली, जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर!

"कोण कुठे बसणार, त्याचं वजन धरून चारही कोपरे सेट करायचे असतात," असं म्हणत ह्यांनी हॉलमध्ये वजनकाटा मांडला. मला उभं केलं, सासूबाईंना चप्पल काढायला लावून उभं केलं. आत्याबाईंनी मात्र काट्याला पाय लावला नाही. "साठ धर," म्हणाल्या. हे स्वतः काट्यावर चढलेच नाहीत; आपलं वजन ह्यांना तोंडपाठच होतं.

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीच्या पोटातून असा खरखरीत आवाज आला की माझे दात शिवशिवले.

"आत्या, साठ?" हे मागे वळून ओरडले. सासूबाईंनीही नणंदेकडे अशी नजर टाकली, की बिचाऱ्या आत्याबाई रडवेल्या झाल्या.

"चुकलं रे माझं. अडुसष्ट आहे."

"तरीच!" म्हणत ह्यांनी गाडी तशीच गॅरेजला नेली. मेकॅनिकने ती जॅकवर चढवली आणि बॅटरी मारून खालून नीट पाहिलं.



"मागे साधा ओरखडाही नाही, साहेब. घासलंय ते फक्त तुमच्या सीटखाली."