दंडातलं औषध

बुटीबोरीच्या रंग कारखान्यात कुमुद बोरकुटे सतरा वर्षं छटा जुळवत होती. त्या सोमवारी तिने पास केलेला हळदी रंग तिसऱ्यांदा परत आला. तिला तो हळदीच दिसत होता, बाकीच्यांना मात्र चक्क हिरवट.

कंपनीच्या दवाखान्यात नर्सने तिच्या दंडात कातडीखाली बसवलेल्या कुपीवर यंत्र धरलं. तिच्या हृदयाचं औषध ही कुपी शरीरातच तयार करायची. कोणतं औषध करायचं, तो हुकूम कंपनीच्या आरोग्य योजनेकडून यायचा.

"महिन्याभरापूर्वी औषध बदललंय," नर्स म्हणाली. "नव्या औषधाने काही जणांची रंगांची पारख जाते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

जेवणाच्या सुट्टीत कुमुद हरिहर ढोटेंसमोर जाऊन बसली. औषध कंपन्या किमतीतला काही वाटा कारखान्याला परत द्यायच्या; त्या परताव्यावर नजर ठेवायला कामगारांनी त्यांना आरोग्य योजनेच्या समितीवर निवडून दिलं होतं. त्यांच्यासाठी कुमुदने घरोघर फिरून मतं मागितली होती.

"भाऊ, औषध बदलल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"नव्या औषधावर आपल्या कंपनीला दुप्पट परतावा मिळतो, ताई. योजनेच्या साहेबांनी सही मागितली, मी केली."

"ज्यांचं औषध बदललं त्यांच्या यादीत माझं नाव वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"तुम्हालाही हृदयाचंच औषध आहे ना? मग तुम्हाला रंग कसे दिसतात?"

ढोटेंनी मान खाली घातली. "माझं जुनंच ठेवायला सांगितलं मी."

कुमुदने तिथेच कागद मागवला आणि तक्रार लिहायला घेतली. दोषींमध्ये पहिलं नाव साहेबांचं यायला हवं होतं. तिने ढोटेंचं लिहिलं.