कोऱ्या पाकिटातला माल

"हे काय आहे, ते सांग आधी!" मोरेनिकेने फुटका कपॅसिटर उगोन्नाच्या काउंटरवर आपटला.

उगोन्नाच्या तोंडात वाफवलेल्या चवळीच्या मोई-मोईचा घास होता. तो सावकाश चावत राहिला. त्या चावण्यानेच ती जास्त भडकली. लेगोसच्या त्या बाजारात एवढी गर्दी, एवढी जनरेटरची घरघर, तरी तिचा आवाज चार दुकानं ओलांडून गेला. बँकेत नोकरी करणारी कोटातली बाई भांडायला आली म्हटल्यावर समोरची चार्जर विकणारी मावशी स्टूल पुढे ओढून बसली.

"कपॅसिटर आहे, कस्टमर," उगोन्ना म्हणाला.

"आणि त्याच्या पोटात काय आहे?"

तिने त्या कपॅसिटरची फुटलेली पत्र्याची डबी उलटी केली. वरून ती अंगठ्याहून जाड, चकचकीत, मोठमोठे आकडे छापलेली. आतून घरंगळला एक चिमुकला कपॅसिटर, बोटाच्या पेराएवढा. बाकीची जागा कागदाचा बोळा कोंबून भरलेली होती.

"ए उगोन्ना, आज सापडलास रे!" मावशी खिदळली.

मोरेनिकेला हसू येत नव्हतं. तिचे बाबा फिजिक्सचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद होता, अ‍ॅम्प्लिफायर बनवण्याचा. अर्ध्या गल्लीच्या लग्नाबारशात त्यांचेच अ‍ॅम्प्लिफायर वाजलेले. मग आजारपण आलं, उजवा हात थोडा थरथरायला लागला, बाजारात जाणं सुटलं. तेव्हापासून सामान मोरेनिके आणून देत होती. आणि तेव्हापासून बाबांचा एकही अ‍ॅम्प्लिफायर टिकला नव्हता. बटण दाबलं की फट् आवाज, धूर, आणि घरभर जळका वास. बाबा काहीतरी बोलायला जायचे, तर ती म्हणायची, "राहू द्या बाबा. हात आता साथ देत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

शेवटी बाबांनी ऐकलं. उद्या इबादानहून त्यांचा पुतण्या येणार होता आणि इस्त्रीपासून मीटरपर्यंत सगळं सामान घेऊन जाणार होता. इस्त्री म्हणजे सुटे भाग झाळायची, सोल्डरिंगची. तेच सामान खोक्यात भरताना आज मोरेनिकेच्या हातून हा फुटका कपॅसिटर पडला आणि त्याचं पोट उघडं पडलं.

"माझ्या बाबांना वाटतंय ते संपले," ती म्हणाली. "जिवंतपणी संपले! आणि ते तुझ्यामुळे. तुझ्या या कागदाच्या बोळ्यामुळे. लाज नाही वाटत?"

आता मात्र उगोन्नाने घास गिळला. हात पुसले.

"मास्तरांना मी ओळखतो, मॅडम. इतकी वर्षं माझ्याकडे यायचे. नव्या मालाला त्यांनी कधी हात लावला नाही. हे बघा." त्याने पायाजवळचं पोतं ओढलं. जपानहून, जर्मनीहून भंगारात आलेल्या जुन्या रेडिओंचे सर्किट-बोर्ड त्यात भरलेले. "टोकुंबो. दुसऱ्यांचे वापरलेले. मास्तर इथे खाली बसायचे आणि स्वतः एकेक तुकडा उपटून काढायचे. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी हेच पोतं पुढे केलं होतं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

मोरेनिकेने काउंटरवरची डबी परत हातात घेतली.

"म्हणालात, माझे बाबा काय भिकारी आहेत, लोकांचा कचरा वापरायला? नवा दे, पाकिटातला दे. दिला. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, हा धंदा आहे."

"म्हणून खोटा द्यायचा?" ती किंचाळली. "वर तोंड करून सांगतोस? चोर तो चोर, आणि वर मला शिकवतोस!"

तिने त्याला मनसोक्त झोडपलं. त्याच्या आईबापांचा उद्धार तेवढा राहिला. मग त्याच पोत्यातून, त्याच्याच हातून, तिने जुने कपॅसिटर काढून घेतले. मळकट होते. पायांना जुन्या कथलाचे गोळे चिकटलेले. एकेक मीटर लावून तपासायला लावला. काटा हलला तेव्हाच तिने पर्स उघडली.

घरी येईपर्यंत तिचा राग उतरला नव्हता, पण त्याला आता आनंदाची धार आली होती. बाबांना काय सांगायचं ते तिने बसमध्ये घोकून ठेवलं.

बाबा खोलीत बसले होते, समोर बांधलेलं खोकं. मोरेनिकेने रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला आणि तशीच खाली बसून फुटकी डबी, तिच्यातला चिमुकला कपॅसिटर आणि कागदाचा बोळा त्यांच्या पुढ्यात मांडला.

"बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं! माल खोटा होता. त्या उगोन्नाची मी बाजारात अब्रू काढून आले. तुमचा हात चांगला आहे, बाबा."

बाबांनी कागदाचा बोळा उचलला, उलगडला, खाली टाकला. ते हसतील, निदान डोळे तरी पुसतील, असं तिला वाटत होतं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

जन्मात कधी वर्गातल्या पोरांवरही न ओरडलेले मास्तर खुर्चीच्या हातावर मूठ आपटून ओरडले, "बोललो होतो! दर वेळी बोललो, माल बघ, जुने आण! पण मी तोंड उघडलं की तू माझ्या हाताकडे बघायचीस!"