भोवतालचा द्रव

"कुणाला काही विचारायचं आहे?" बाईंनी विचारले. कुणालाच काही विचारायचे नव्हते.

लांब टेबलाभोवती सारी संशोधक मंडळी मूग गिळून बसली होती. बाईंनी चष्म्यावरून एकेकाकडे पाहिले आणि मनातला निर्णय पक्का केला. कर्करोगावरची ही प्रयोगशाळा त्यांनी उभी केली होती, वाढवली होती, शिस्तीला लावली होती. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. ही जागा कुणाच्या हाती सोपवायची, हे नक्की करायला संचालक आज येणार होते. बाईंचे उत्तर तयार होते आणि त्यांनी ते संचालकांच्या कानावरही घातले होते : कुणाच्याच नाही. या मातीच्या पुतळ्यांच्या हाती देण्यापेक्षा कुलूप लावलेले बरे.

"धाकटे, तुझं दाखव," त्या म्हणाल्या. सर्वांत शेवटी रुजू झालेल्या मुलीला तिथे सगळे धाकटीच म्हणत.

धाकटीने सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेली फिल्म पडद्यावर लावली. रुग्णाच्या गाठीभोवती साठलेला द्रव होता. त्यात कर्करोगाच्या पेशी होत्या, आणि त्यांना संपवण्यासाठी शरीरानेच घडवलेल्या मारक पेशी. मारक पेशी सरपटत शत्रूपर्यंत जात, त्याला चिकटत आणि नुसत्या बसून राहत. बाईंनी समाधानाने मान हलवली. लढून लढून या पेशी कायमच्या गळून जातात, हा त्यांचाच सिद्धान्त. तो त्यांच्या नावाने शिकवला जाई.

पुढची फिल्म धाकटीने घाईघाईने सरकवली.

"थांब. ती कुठली?"

"ती चुकून झालेली आहे, बाई."

"चुकून झालेलंही मला बघायचं असतं. लाव."

पेशी त्याच होत्या. पण या वेळी त्या शत्रूवर तुटून पडल्या. कर्करोगाच्या पेशी फुगल्या आणि एकामागून एक फुटल्या.

"रुग्णाचा द्रव संपला होता," धाकटी पडद्याकडेच बघत म्हणाली. "म्हणून पेशी धुऊन साध्या पोषक द्रावणात ठेवल्या, तर हे दिसलं. नंतर नवा द्रव मिळाला. त्यात घातल्या की पुन्हा थंड. तोच द्रव कोळशाच्या भुकटीतून गाळून त्यातले स्निग्ध रेणू काढले, की पुन्हा झुंजायला तयार. गाठच ते रेणू सोडते, बाई. निरोप्यासारखे."

"हे कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"बरेच दिवस झाले."

"आणि या सगळ्यांना?"

वयाने मोठा म्हणून ज्याला सगळे दादा म्हणत, तो खाकरला. "मीही करून पाहिलं, बाई. तेच आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध..." दादा पुटपुटला.

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्या धाकटीकडे वळल्या. "म्हणजे या पेशी गळून गेलेल्या नाहीत, असं म्हणतेस?"

"नाही, बाई. चांगल्या धडधाकट आहेत. त्यांना सारखं गप्प बसायला सांगितलं जातं, एवढंच. भोवतालचा द्रव बदलला की लगेच कामाला लागतात."

बाईंनी तिला धारेवर धरण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरून फिरली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. कुणी पेनचे टोपण चावत होते, कुणी स्वतःची नखे न्याहाळत होते. बाईंनी उघडलेले तोंड मिटले. मग त्या उठल्या.

"मी बाहेर बसते. दार लावून घ्या आणि पुढे चालू ठेवा."

"बाई, आमचं काही चुकलं असेल तर..."

"मी काय सांगितलं?"

दार लागले. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आतून दादाचा आवाज आला.

"झालं समाधान? घालवलंस ना बाईंना?"

"मी? 'मीही करून पाहिलं' म्हणून कोण बोललं?"

कुणीतरी फिसकन हसले.

"बरं, ते राहू दे. कोळशानं फक्त स्निग्ध रेणूच गेले कशावरून?"

"तेच रेणू परत घातले, दादा. पेशी पुन्हा थंड."

"घातलेस किती? बादलीभर?"

हशा पिकला. खुर्च्या सरकल्या. तिसराच आवाज उसळून वर आला, "अरे, ते रेणू पेशीवर जिथे चिकटतात, ती जागाच बुजवली तर? औषध होईल ते!"

"आणि बाईंचा सिद्धान्त?"

"अर्धा गेला. उरलेल्या अर्ध्यावर आपलं सगळ्यांचं भागेल."

बाईंचा हात आपसूक दाराच्या मुठीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आत आता तिघे-चौघे एकदमच बोलत होते. धाकटीचा आवाज सर्वांत चढा होता.

संचालक आले आणि थबकलेच. "अहो, तुम्ही बाहेर? आणि आत हा काय गोंधळ? मग काय, तुम्ही म्हणाला होतात तसं कुलूपच लावायचं ना?"

"कुलूप नको," बाई म्हणाल्या. "आणि जरा हळू बोला. मंडळी आत्ताच कुठे कामाला लागली आहेत."