मरिसाची चिठ्ठी

पाचव्या पेटीवर ‘मरिसा’ असं नाव काढून डेलियाने ब्रश धुवायला टाकला. जेवणाच्या टेबलावर पातळ लाकडाच्या पाच पेट्या ओळीने वाळत होत्या. प्रत्येकीत एक मेणबत्ती, मण्यांचं कडं आणि केसांना बांधायची साटीनची फीत. शेल्बीने दोन आठवडे राबून सगळं स्वतःच्या हातांनी केलं होतं. अक्षर मात्र तिचं कोंबडीचे पाय, म्हणून शनिवारी दुपारी डेलियाला बोलावणं.

“लोक हल्ली तयार पेट्या मागवतात,” शेल्बी म्हणाली. “मला नाही पटत. ‘माझी करवली होशील का’ असं विचारायचं तर हाताने केलेलंच हवं.”

डेलियाने आल्या आल्याच पेट्या मोजल्या होत्या. पाच. तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं. जिची पेटी, तिच्याकडूनच कुणी ती रंगवून घेतं का? आपली असेल कपाटात, नाहीतर गाडीच्या डिकीत लपवलेली. पहिलीपासूनची मैत्री, आणि आशेला कुठे अक्कल असते!

“नवरदेवाच्या बाजूने ग्रँटचे पाच मित्र उभे राहणार, माझ्या बाजूने ह्या पाचजणी,” शेल्बी सांगत होती. “आपलं चर्च केवढंसं. सहावी आली तर ऑर्गनवाल्या बाईंच्या मांडीवर बसवावी लागेल. आणि तू दाराशी, पाहुण्यांच्या सह्यांच्या वहीपाशी बसशील ना गं? टेबलांवरची नावंही तूच लिही. तुझ्यासारखं अक्षर अख्ख्या ओहायोत नाही.”

“ब... बसेन,” डेलिया म्हणाली. लहानपणी तिची जीभ फार अडायची. आता बरीच सुटली होती, पण मन दुखलं की पुन्हा दगा द्यायची.

पेटीत एक चिठ्ठीही जायची होती, हीच मैत्रीण का हे सांगणारी. शेल्बी मजकूर सांगे, डेलिया टाकाने लिही आणि कोपऱ्यात त्या आठवणीचं लहानसं चित्र काढी. चार चिठ्ठ्या झाल्या होत्या.

“आता मरिसाची. जीव ओतून लिही हं, मुख्य करवली आहे ती.” शेल्बीने पाय खुर्चीत वर घेतले आणि डोळे मिटले. “प्रिय मरिसा, आईला पुरून आलो त्या दिवशी सगळे चर्चच्या तळघरात जेवत होते आणि मी कोटांच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. बाबा आले, मावशी आली, दार ठोठावून ठोठावून दमले. मग सगळे गेले. आणि दाराखालून एक खारं बिस्किट आत आलं. थोड्या वेळाने आणखी एक. सबंध दुपारभर. मी विचारलं, कोण आहे? उत्तर नाही. नुसतं बिस्किट.”

टाक थांबला.

“शाई संपली का गं?”

डेलियाने मानेनेच नाही म्हटलं.

“संध्याकाळी दार उघडलं तर समोर तू. एरवी तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण त्या दिवशी माझ्यासाठी तू एक शब्दही बोलली नाहीस. तेव्हाच मी ठरवलं, लग्नात माझ्या शेजारी तूच उभी राहशील.” शेल्बीने डोळे पुसले. “संपलं.”

“म... मरिसाला हे कधी बोलून दाखवलंयस?”

“छे! असलं तोंडावर बोलता येतं का? पंधरा वर्षं जपून ठेवलंय.”

‘कोण आहे?’ हा प्रश्न डेलियाने दाराबाहेर, जमिनीवर बसून ऐकला होता. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि इतर सगळे शब्द कसेबसे निघत, पण स्वतःचं नाव काही केल्या निघत नसे. ‘ड’वरच जीभ टाळ्याला चिकटायची. पुडा संपला म्हणून ती स्वयंपाकघरात दुसरा आणायला गेली, आणि परत आली तो दार उघडं होतं, शेल्बी मरिसाच्या गळ्यात पडून रडत होती. डेलियाला बरंच वाटलं होतं. बाहेर आली एकदाची. नवा पुडा तिने गुपचूप कोटांखाली ठेवून दिला. शेल्बीला ठाऊक आहे, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

तिने शेवटची ओळ पुरी केली. सगळ्यांत सुंदर अक्षर ह्याच चिठ्ठीचं आलं. मग कोपऱ्यात चित्र काढलं. बंद दार, खालची फट, फटीपाशी एक बिस्किट आणि ते सरकवणारी दोन बोटं.

शेल्बीने चिठ्ठी उचलली आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं.

“अगं बाई! दाराला बाहेरून खाली पितळी पट्टी होती, तीसुद्धा काढलीस? मी तर विसरूनच गेले होते.” तिने पुन्हा डोळे पुसले. “तू अगदी तिथे असल्यासारखं काढलंयस गं.”

डेलियाने टाक खाली ठेवला.

“होते,” ती म्हणाली. शब्द जराही अडला नाही.

“अगं, सगळं गावच होतं त्या दिवशी,” शेल्बी म्हणाली, आणि शाई वाळावी म्हणून चिठ्ठीवर हळूहळू फुंकर घालू लागली.